पंचा कुणाचा?

थळ,
ता. २ एप्रिल १९३३

प्रिय हिरामण,

काकाचा तुकाराम उद्या सुके बोंबील घेऊन रेवसच्या बोटीनं मुंबईला निघालाय. त्याच्याच हाती हे पत्र देतेय. गेल्या खेपेला तो तुला माझगावच्या गोदीत भेटला. तू बरा आहेस, थोडा वाळलायस आणि घरचं नाव काढलं की तोंड फिरवून बिडी पेटवतोस, एवढं त्यानं येऊन सांगितलं. बिडी कधीपासून ओढायला लागलास रे? आयला मी ते सांगितलेलं नाही. तीन वर्षांत तू दोन कार्डं टाकलीस, दोन्ही मिळून चार ओळी. तेव्हा आता माझं हे लांबण मुकाट्यानं वाच. वाचून झालं की घरी यायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण त्या दिवसाची अर्धीच गोष्ट घेऊन तू तिकडे बसलायस. उरलेली अर्धी माझ्यापाशी आहे. ती कळल्याशिवाय तू काही ठरवलंस तर ते ठरवणं खरं नव्हे.

नीराबाई आठवते ना? अलिबागहून छत्री टेकत वाळूतून चालत यायची, मिशनची ख्रिस्ती बाई, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत पाटी-पेन्सिल, गोळ्या आणि बायबल. आयला धाक, ही बाई पोरं बाटवील. काळूराम आजा ओट्यावर चाती फिरवत जाळ्यासाठी ताग वळत बसलेला असायचा. तो म्हणायचा, "बाटवंल तवा बाटवंल गो, आधी वाचाय तरी शिकवूं दे." आपण दोघं कोळ्याची पोरं तिच्या बायबलच्या जाड्या अक्षरांवरच वाचायला शिकलो. एक दिवस तुझी पाळी होती. तू नऊ वर्षांचा, मी अकराची. येशूला धरायला माणसं सोटे घेऊन येतात तो भाग होता. त्याचे सोबती त्याला सोडून पळतात आणि मग मध्येच दोन ओळी येतात. एक तरुण पोर, उघड्या अंगावर तागाचं वस्त्र तेवढं गुंडाळलेलं, मागोमाग चालला होता. त्याला धरलं, तेव्हा वस्त्र त्यांच्या हातात सोडून तो तसाच उघडा पळून गेला. बस, एवढंच. कुणाचा कोण, पुढे त्याचं काय झालं, काही नाही. तू त्या ओळीवर बोट ठेवून ओरडलास, "आजा, यो तर आपला कोल्याचाच पोर हाय! तागाचं जालं पांघरलाय!" आजानं चाती थांबवली आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, असंल, दुसरं कोन तागात वावरतंय?

नीराबाई डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग तिनं समजावलं, त्या मुलखात ताग म्हणजे तलम पांढरं कापड, बऱ्या घरचे लोक नेसतात ते. तुला काही ते पटलं नाही. बऱ्या घरचा पोर कशाला त्याच्या मागं जाईल, हा तुझा सवाल. पुढे कित्येक दिवस तू फाटकं जाळं गुंडाळून वाळूत पळायचास आणि मी काठी घेऊन तुला धरायची. तो का पळाला, असं मी एकदा विचारलं तर नीराबाई म्हणाली, लहान होता, भ्याला. त्या वयात तेवढं उत्तर पुरलं मला.

आता त्या दिवसाकडे येते. वैशाखातली सकाळ, मिठाचा कायदा मोडायला खाडीच्या बांधाखाली तुम्ही सतरा जण ओळीनं बसलेले, मध्ये तीन दगडांच्या चुलीवर मडक्यात खारं पाणी उकळत होतं. तुमचा म्होरक्या चांगदेव, त्यानं तुम्हा सगळ्यांकडून शपथ घेतली होती, मार पडला तरी हात उचलायचा नाही, तोंडातून शिवी नाही आणि खोटं तर मुळीच नाही. तू सोळा वर्षांचा, ओळीतला सगळ्यांत लहान. तुझ्याकडे खादी नव्हती म्हणून त्यानं स्वतःचा दुसरा पंचा तुला नेसायला दिला. आदल्या दिवशी तो नेसून घरभर काय मिरवलास तू! आम्ही बायका बांधावर पाट्या घेऊन उभ्या होतो. शिपाई दिसले तसे ओळीच्या टोकाचे सहा-सात जण चिखलातून मागच्या मागे सटकले. त्यात तुझ्यापेक्षा दुप्पट वयाचे होते. तुला ते दिसलं नसणार, कारण तू मडक्याभोवती हातांचं कडं करून खाली मान घालून बसला होतास. एका शिपायानं तुझा पंचा कमरेशी धरून तुला उभा केला आणि दुसऱ्या हातानं लाठी उगारली. मग तो एकाएकी खाली बसला. पंचा त्याच्या मुठीत राहिला आणि तू नुसत्या करगोट्यानिशी कांदळवनाकडे पळत सुटलास. बोंबील वाळत घालणाऱ्या बायांनी तुला पाहिलं. आधी आवडाबाई हसली, मग सगळ्या हसल्या. तुझ्या मागे लाठ्यांचे आवाज आणि ओरडणं चाललं होतं. दिवेलागणीला तू अंगाभोवती पोतं गुंडाळून घरी आलास आणि एवढंच म्हणालास, "माज्यामुलं मारलं त्यांना, बाय. मी वलीतनं उठलो म्हनून." तीन वर्षं तू हेच धरून बसलायस, हे मला ठाऊक आहे.

तो शिपाई खाली का बसला, हे तू कधी विचारलं नाहीस. हिरामण, त्याच्या कपाळावर दगड बसला होता. तो मी मारला.

बांधावरचा दगड, मुठीएवढा. विचार करून मारला असं मी म्हणणार नाही. तुझ्या डोक्यावर लाठी दिसली आणि माझा हात खाली गेला. चिंचा पाडताना तू माझ्या नेमाला हसायचास. त्या दिवशी तो चुकला असता तर बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही. तोवर शिपाई नुसते धरत होते, ओढत होते. आपल्या माणसाचं रक्त बघितलं आणि ते पिसाळले. लाठ्या पडल्या त्या माझ्या दगडापायी, तू पळालास म्हणून नव्हे. चांगदेवचा उजवा खांदा मोडला तो तिथंच. पडता पडता त्यानं मान वळवून बांधाकडे पाहिलं, सरळ माझ्याकडे. मी पाटी डोक्यावर घेतली आणि बायकांच्यात मिसळून घरी आले. पळाले तर मीही. माझ्या अंगावर लुगडं होतं म्हणून कुणी हसलं नाही एवढंच.

तिसऱ्या दिवशी फौजदार तो पंचा घेऊन घरोघर फिरला, ते तुला आठवतं. तू पोटमाळ्यावर होतास. तो दारात उभा राहून म्हणाला, हा ज्याचा, त्यानं सरकारी माणसाचं डोकं फोडलंय, बोला, कुणाचा? मी पुढे झाले आणि म्हणाले, "आमचा न्हाय." खोटं कुठे होतं रे ते? पंचा चांगदेवचाच होता. त्या दिवसापासून मी स्वतःला हेच समजावत आले की केसर, तू खोटं बोलली नाहीस. खरं बोलूनच मी ते पाप केलं. आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे शिडी करकरली. तुझा पाय वरच्या पायरीवर आला होता. तू खाली उतरत होतास. मी नेसलो होतो म्हणून सांगायला उतरत होतास, हे मला त्याच क्षणी कळलं. मी शिडीला पाठ लावून उभी राहिले, अगदी घट्ट, आणि तुझा पाय परत वर गेला.

तुला वाटलं असेल, बायनं आपल्याला वाचवलं. शप्पथ सांगते, मी मला वाचवत होते. तू खाली आला असतास तर, शिपायाच्या मुठीत अडकलेला पोर दगड मारील कसा, तो तुझ्या हातचा नव्हे हे उघड झालं असतं, आणि मग मारला कुणी, हे निघालं असतं. ज्या पोराला सगळं गाव भित्रा म्हणून हसत होतं तो फौजदारासमोर यायला निघाला होता आणि त्याची वाट मी अडवली. चौथ्या दिवशी तू रेवसला चालत गेलास, बोट पकडलीस. मी तुला अडवलं नाही. तू गेल्यावर मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकते.

पुढचं थोडं तुला तुकारामनं सांगितलं असेल. फौजदारानं पंचा कोठडीतल्या पोरांपुढे टाकला तेव्हा चांगदेव म्हणाला, "माजा हाय." तेवढंच बोलला. दगडाचं विचारलं तर गप्प. ज्याचं डोकं फुटलं त्या शिपायाला आपली सगळी पोरं सारखीच दिसत होती. चांगदेवला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. पुढच्या साली सरकारशी तह झाला, बाकीचे सगळे सुटून आले, त्यांना ओवाळलं, मिरवणूक काढली. चांगदेव मारामारीतला म्हणून आतच राहिला. ज्यानं दुसऱ्यांना शपथ घातली त्याचंच नाव अलिबागच्या काँग्रेसच्या मंडळींनी स्वयंसेवकांच्या यादीतून काढून टाकलं. गेल्या वर्षी सुटून आला तेव्हा धक्क्यावर त्याची आई भागुबाई एकटीच गेली होती. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. शीड ओढता येत नाही म्हणून दुसऱ्यांची जाळी सांधत बसतो. येता-जाता मला दिसायचा, मी वाट बदलायची.

आणि माझं लग्न लांबलं, ते तर तुला कळलंच असेल. पळपुट्याची बहीण कोण करून घेईल, असं बायका बोलतात. तीन ठिकाणांहून विचारणा आली होती, मीच नको म्हणाले. पण लोक ते तुझ्या माथ्यावर घालतात आणि मी ते घालू दिलं. आय त्यांच्याशी भांडून यायची आणि घरात येऊन तुलाच बोल लावायची. मी भाकरी थापत ऐकत असायची.

गेल्या दिवाळीत मी अलिबागला नीराबाईकडे गेले. का गेले ते सांगता येत नाही, पाय गेले. म्हातारी फार थकलीय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मला आवाजावरून ओळखलं. कोल्याचा पोर कुठाय, असं तुझंच आधी विचारलं. तिला आता वाचता येत नाही, म्हणून म्हणाली, तूच वाच मला काही तरी. मी तोच भाग काढला. वाचून झाल्यावर तिनं ते पान बोटांनी चाचपलं. मग म्हणाली, "केसर, नीट बघ, तो पोर पळाला तेव्हा तिथं दुसरं कोण उरलं होतं? मोठे सगळे त्याच्या आधीच पळाले होते. हा एका कापडानिशी मागोमाग चालला होता." मी मान हलवली, तिला दिसत नाही हे विसरून. ती पुढे म्हणाली, "आणि मला कायम वाटत आलंय, की कुणी जवळ नसताना ही गोष्ट लिहिणाऱ्याला कळली कशी? त्या पोरानंच पुढे कधी तरी स्वतःच्या तोंडानं सांगितली असणार. पळणं तर भीतीनं होतं. पण मी पळालो, हे माणसं जमवून सांगायचं म्हणजे छाती लागते."

त्याच पानावर, थोडं वर, आणखी एकाची ओळ आहे. आपण लहानपणी तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. जवळ उभं असलेलं कुणी तरी तलवार उपसतं आणि धरायला आलेल्यांतल्या एकाला जखमी करतं. त्याचंही नाव दिलेलं नाही. मी बाईला विचारलं, हा कोण? ती म्हणाली, नाव दुसऱ्या ठिकाणी येतं. पेत्र, येशूच्या सगळ्यांत जवळचा. ज्यानं शस्त्र उचललं, तोच थोड्या वेळानं लोकांनी विचारल्यावर म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. मी पुस्तक मिटलं. बाईला काही ठाऊक नव्हतं, ती आपली शिकवत होती तशी शिकवत होती. पण मला तिथं बसवेना. घरी येईपर्यंत वाटभर रडले. घरी येऊनही सांगितलं मात्र कुणालाच नाही. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. उद्या सांगू, परवा सांगू. रोज सकाळी उठून छाती करायची आणि आयचं तोंड बघितलं की ती विरून जायची.

मग शिमगा आला. तुला हे कुणी सांगितलं नसेल, पण दर शिमग्याला इथं तुझं सोंग काढतात. एक पोर मिशा लावून शिपाई होतो, एक तू होतोस, ओढाओढी करतात आणि लंगोटीतला पोर ढोलकीच्या तालावर पळत सुटतो. यंदाचं तिसरं साल. दोन वर्षं मी दार लावून बसले होते. यंदा गेले. होळीच्या माळावर सगळं गाव होतं, चांगदेवही एका कडेला जाळ्याच्या ढिगावर बसला होता. सोंग सुरू झालं, लोक हसू लागले, आवडाबाई सगळ्यांत मोठ्यानं. पोर पळाला तशी मी मधे जाऊन उभी राहिले. म्हणाले, "तुमचं सोंग अर्धंच हाय. धोंडा मारनारी बाय कुठं हाय यात?" कुणाला काही कळेना. ढोलकी वाजतच होती. मग मी ओरडून सांगितलं, "शिपायाला धोंडा मी मारला. माज्या भावानं न्हाय, चांगदेवनं न्हाय. मी." मग ढोलकी थांबली. शिडीचंही सांगितलं. सगळं सांगितलं. आवडाबाई पुढे आली. मला वाटलं थोबाडीत देते. ती नुसती म्हणाली, "तीन वरसं हसवलंस गो आमाला त्या पोरावर." आणि पदर डोळ्याला लावून निघून गेली. पाटलानंही ऐकलंय. त्याला वर कळवायचं तर कळवू दे, मी कुठे पळत नाही. अलिबागच्या मंडळींना मी सहीनिशी लिहून पाठवलंय, चांगदेवचं नाव पुन्हा घाला म्हणून. त्यांचं उत्तर अजून नाही.

आय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी पाणी भरून आले तर ती पोटमाळ्याच्या शिडीपाशी बसून होती, शिडीवर हात ठेवून. म्हणाली, "उतरत व्हता माजा पोर?" मी व्हय म्हणाले. मग ती रडली, इतकी की शेजारच्या बाया धावत आल्या. तेव्हापासून येईल त्याला धरून सांगते, माजा हिरामण उतरत व्हता म्हनून. ऐकून ऐकून लोकांना पाठ झालंय.

आता हे सगळं आजच का लिहिलं, ते. शिमगा संपल्यावर चांगदेव घरी आला आणि ओट्यावर बसला. मी विचारलं, तू मला पाहिलं होतंस, मग बोलला का नाहीस? म्हणाला, "ते सांगायचं तुजं व्हतं, मी कसं सांगू?" गेल्या वर्षी त्यानं भागुबाईकरवी मला लग्नाचं विचारलं होतं आणि मी काही कारण न देता नाही म्हटलं होतं. ते त्यानं पुन्हा, या खेपेला स्वतः विचारलं. मी व्हय म्हणाले, हिरामण. अक्षय तृतीयेला लग्न आहे. नवऱ्याचा कान नवरीच्या भावानं पिळायचा असतो, तुकाराम त्यासाठी नवं धोतर घेऊन टपून बसलाय. मी त्याला नाही म्हणून सांगितलंय. चांगदेवनं तुला एवढाच निरोप दिलाय, "केसरचा भाव म्हनून न्हाय, माज्या वलीतला गडी म्हनून ये." माझ्यासाठी यावंस असं तुझ्याकडे मागायला मला तोंड नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, माझ्याकडे बघूही नकोस. मांडवात ये, त्याच्यासमोर उभा राहा आणि त्याचा कान पीळ. खरं तर पिळायला हवा तो माझाच. तोही पीळ, आय थांबवणार नाही, मी पण नाही. पण ये रे.

तुझीच,
केसरबाय